बेळगावच्या टिळकवाडीत निवांत बसून खायला कुठं जावं? (म्हातारी माणसं आणि पोरं एकत्र)

शुक्रवार पेठ:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्याकडे पुण्याची नणंद आणि मडगावचे दीर-जाऊबाई मुलांसकट येणार आहेत. घरचे धरून दहा-बारा जण होतो. दोन दिवस घरी रांधायचंच आहे, पण एक संध्याकाळ सगळ्यांना घेऊन बाहेर पडावं म्हणतेय. लग्नासारखं जेवण नको, बुफे नको. डोसा-कॉफी, पोरांना त्यांचं सँडविच-पास्ता काय असेल ते, आणि दीडेक तास कुणी उठवणार नाही अशी जागा हवी.

अडचणी दोन. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना जिना चढवत नाही. मामंजींना मधुमेह आहे आणि गाणी मोठ्यानं लावली की त्यांना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मग ते गप्प बसून राहतात. ते मला बघवत नाही. सगळी जमतात ती त्यांच्याशीच बोलायला.

पहिल्या रेल्वे गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत, फार तर गोवावेस, हिंदवाडी, भाग्यनगर. नुसती हॉटेलांची नावं लिहू नका. मालक बदलतात, आचारी बदलतात, सहा महिन्यांत नाव तेच आणि चव दुसरी होते. बसायची सोय कशी, गर्दी कधी, काय चांगलं मिळतं, ते लिहा.

अनगोळकर:
वहिनी, जागा मागनं बघा, आधी वेळ ठरवा. आपल्याकडं लोक संध्याकाळी सात वाजता बाहेर पडतात आणि मग जागा नाही म्हणून तक्रार करतात. कुठलंही उडुपी घ्या. सकाळी आठ ते दहा नाश्त्याची झुंबड, दुपारी साडेबारा ते अडीच राइस प्लेट, संध्याकाळी साडेसहानंतर पुन्हा झुंबड. मधला चार ते सहाचा वेळ मोकळा असतोय. त्या वेळी पोऱ्यालाही घाई नसते, गल्ल्यावरचे अण्णाही पेपर वाचत बसलेले असतात. दोन टेबलं जोडून द्या म्हटलं की देतात. तीच माणसं सात वाजता तुमच्या खुर्चीमागं दुसरं गिऱ्हाईक उभं करतात, आणि त्यात त्यांचीही चूक नाही. चाळीस-पन्नास रुपयांच्या पदार्थावर धंदा करायचा तर टेबल फिरलंच पाहिजे.

चारला जावा, साडेपाचपर्यंत बसा, मग पोरांना घेऊन काँग्रेस विहिरीकडं चालत जावा. पुण्याच्या पोरांना दाखवा की, १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष होते. अख्ख्या आयुष्यात ते एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते आपल्या बेळगावात. त्या अधिवेशनाचं स्मारक, वीरसौध, तेही तिथंच आहे.

सांबार वेगळं:
अनगोळकरांशी सहमत, पण चार वाजताची एक गोष्ट लक्षात ठेवा. काही ठिकाणी त्या वेळी डोशाचा तवा बंद असतो. 'डोसा पाचनंतर' असं सांगतात. आधी फोन करून विचारा. नाहीतर म्हातारी माणसं आशेनं येतात आणि समोर थंडगार इडली येते.

डोशाचं म्हणाल तर तवा जिथनं दिसतो तिथं बसा. चांगला आचारी तव्यावर पाणी मारतो, ते चर्र करून नाचत उडालं की हिराच्या खराट्यानं तवा झाडून घेतो आणि मगच पीठ ओततो. तवा जास्त तापला असेल तर पीठ पसरत नाही, वाटीबरोबर गोळा होऊन येतं. लोणी डोसा असेल तर पीठ जाडसरच ठेवतात, वर बारीक जाळी पडेपर्यंत हात लावत नाहीत, मग कडेनं आणि मधोमध लोण्याचा गोळा सोडतात. ते लोणी जाळीतनं आत उतरलं पाहिजे. वर तरंगत राहिलं आणि पिवळं धम्मक दिसलं तर ते लोणी नव्हेच. खरं लोणी पांढरं असतं आणि पहिल्या घासाला किंचित आंबूस लागतं.

लोणी डोसा दावणगिरीचा म्हणून सगळे सांगतात. पण तो तिथं सुरू करणाऱ्या चेन्नम्मा आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या बिडकी गावच्या, १९२८ साली मुलांना घेऊन त्या दावणगिरीला गेल्या असं सांगतात. तेव्हा डोसा नाचणीचा होता, लोणी वगैरे पुढं पोरांनी आणलं. पाहुण्यांना हे जरूर सांगा.

वडगावची लेक:
मी कॅफेच्या बाजूनं लिहिते, कारण इथं सगळे उडुपीवरच घसरणार हे दिसतंय.

आरपीडी कॉर्नर, खानापूर रोड, भाग्यनगरचे क्रॉस या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इतके कॅफे निघाले की मोजायची सोय नाही. कॉलेजं जवळ, खोल्या घेऊन राहणारी पोरं-पोरी जवळ, म्हणून निघाले. घरातली मोठी माणसं म्हणतात दीडशे रुपयांची कॉफी कशाला. मी सांगते कशाला. माझ्या कॉलेजच्या काळात आम्ही मुली हॉटेलात गेलो तर आम्हाला 'फॅमिली रूम'मध्ये पाठवायचे. मागच्या बाजूची अंधारी खोली, प्लायवूडचे कप्पे, मळका पडदा. बाहेर बसलं की सगळं हॉटेल वळून बघायचं. तो पडदा सरकवून पोऱ्या आत यायचा तेव्हा अंगावर काटा यायचा. आज माझी मुलगी खिडकीजवळच्या टेबलावर मैत्रिणींबरोबर बसून प्रोजेक्ट करते, एका कोल्ड कॉफीवर दोन तास, आणि कुणी वळून बघत नाही. त्या दीडशे रुपयांत कॉफी किती आणि ती जागा किती, याचा हिशेब मी कधीच केला नाही. मला तो पटतो.

शुक्रवार पेठ, तुमच्यासाठी मात्र अडचण खरी आहे. बरेच कॅफे पहिल्या मजल्यावर, नाहीतर गच्चीवर. तळमजल्याचं भाडं परवडत नाही. जिना अरुंद, काही ठिकाणी लोखंडी गोल. आणि बाकडी उंच, पाय लोंबकळतात, टेकायला पाठ नाही. सासूबाईंना तिथं नेऊ नका. पण जुन्या बंगल्यांत काढलेले दोन-तीन कॅफे टिळकवाडीत आहेत, पुढचं अंगण, झाडाखाली खुर्च्या, पायऱ्या दोन-तीनच. तसलं बघा. जायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा जाऊन खुर्चीत बसून बघा आणि शौचालय कुठं आहे, कमोड आहे का, तेही बघून या. फोनवर सगळे 'आहे मॅडम' म्हणतात.

शुक्रवार पेठ:
वडगावची लेक, फॅमिली रूमचं वाचून आठवलं, आमच्या आईनंही तसंच सांगितलं होतं. खूप मनापासून लिहिलंत.

अंगणाची कल्पना आवडली. पण दिवाळीनंतर संध्याकाळी गार वारं सुटतं, आणि गाण्यांचं काय? कॅफेत आवाज कमी करा म्हटलं तर करतात का?

दुसऱ्या गेटजवळ:
मी स्वतः एक छोटा कॅफे चालवतो. जाहिरात नको म्हणून नाव लिहीत नाही. आवाज कमी करा म्हटलं तर कुठलाही शहाणा मालक करेल, आम्हाला गिऱ्हाईक महत्त्वाचं. पण संध्याकाळी सहानंतर बाकीच्या टेबलांवर पोरं असतात, त्यांचाच आवाज इतका असतो की गाणी बंद करूनही फरक पडत नाही. छत पत्र्याचं, भिंती काचेच्या, आवाज फिरून फिरून येतो. पडदे, गाद्या, लाकूड असेल तिथं कमी घुमतं. आजोबांना कोपऱ्यात भिंतीकडं पाठ करून बसवा, मागचा आवाज निम्मा होतो.

आणि आतली गोष्ट सांगतो. कॅफेला सगळ्यात मोकळा वेळ सकाळी अकरा ते एक. कॉलेज चालू असतं. आम्ही माणसं ठेवलेली असतात, मशीन तापवून ठेवलेलं असतं, आणि टेबलं रिकामी. दहा-बारा जण त्या वेळी येतो म्हणून आदल्या दिवशी कळवलं तर मी तरी टेबलं जोडून, अंगणात ऊन कुठं येतं ते बघून मांडून ठेवीन. जे हवं ते आधी सांगितलंत तर पोरांचा पास्ता आणि मोठ्यांचा उपमा एकदम टेबलावर येईल. बारा जणांची बारा तऱ्हेची ऑर्डर आयत्या वेळी दिली तर दोघांच्या स्वयंपाकघरात चाळीस मिनिटं लागतातच. लोक चिडतात, पण आत दोनच शेगड्या असतात.

खानापूर रोड:
बिलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोठा ग्रुप असला की बिल नीट वाचा. हॉटेलातल्या साध्या खाण्यावर जीएसटी ५ टक्के, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. पण छोटी हॉटेलं 'कंपोझिशन' योजनेत असतात, त्यांनी कर स्वतःच्या खिशातनं भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. तशी पाटीही त्यांनी लावायची असते. पाटी कंपोझिशनची आणि बिलात जीएसटीची ओळ, असं दिसलं तर विचारा.

सेवा शुल्क हे तर अजिबात सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या सूचना उचलून धरल्या. मागच्या वर्षी एका ठिकाणी, नाव घेत नाही, आमच्या बिलात दहा टक्के लावले होते. काढा म्हटल्यावर मॅनेजर म्हणाला, सिस्टीममधनं निघत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फिरवतो म्हटल्यावर निघालं. टीप द्यायची तर ज्यानं वाढलं त्याच्या हातात द्या. यूपीआयनं बिलात मिळवलेली टीप त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

नाथ पै सर्कल:
काकांच्या मधुमेहाचं बघता मी वेगळंच सुचवतो. डोसा-कॉफी सोडा आणि खानावळीत जावा. आपल्या गावची खरी चव तिथं आहे. पाटीवर 'लिंगायत खानावळ' लिहिलेलं बघायचं, बास. ज्वारीची भाकरी तव्यावरनं थेट ताटात, भरलं वांगं, मोड आलेल्या मुगाची नाहीतर मटकीची उसळ, शेंगाची चटणी, वर दही, कच्चा कांदा, मेथीची पानं. शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटलेली असेल तर तिला तेल सुटलेलं असतं, मिक्सरची असेल तर भुगा. बोटाला चिकटते की नाही तेवढं बघा. साखर कुठंच नाही, मैदा नाही. पुण्याच्या पाहुण्यांना हे पुण्यात मिळायचं नाही.

मांसाहारी असाल तर सावजी खानावळी आहेत, पण तिखट जबरदस्त. लहान पोरांना नको.

वडगावची लेक:
नाथ पै सर्कल, खानावळीचं सगळं खरं, मीही जाते. पण दीड तास गप्पा मारत बसायला? तिथं ताट संपलं की हात धुवायला उठायचं. लोक उभे असतात.

नाथ पै सर्कल:
तेही बरोबर. मग भाकरी-चटणी घरी पार्सल आणा आणि गप्पा घरी मारा. पण एकदा तरी पाहुण्यांना खिलवा की.

कॅम्पातला:
टिळकवाडीच्या बाहेरचं लिहितो, राग मानू नका. दहा-बारा जण आणि बिर्याणी चालत असेल तर नियाज. बेळगावला येऊन गेलेला माणूस पुण्या-मुंबईत भेटला की आधी तेच विचारतो. आणि पाहुण्यांच्या हातात कुंदा द्यायचा तर पुरोहितकडनं घ्या. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या तोच.

कुंदा घेताना रंग बघू नका, रवाळपणा बघा. दूध आटवताना त्यात थोडं दही घालतात, दूध फाटतं, ते फाटलेलंच सतत ढवळत आटवतात. साखर थोडी जाळून घातली की तपकिरी रंग येतो. नीट झालेला कुंदा दाणेदार, ओलसर, चमच्यावर घट्ट बसणारा. पेढ्यासारखा गुळगुळीत असेल तर तो खव्याचा झटपट केलेला. गरम कुंदा मिळाला तर तिथंच उभं राहून खा, थंड झाल्यावर ती मजा नाही.

तिसरं गेट:
सगळ्यांचं वाचलं. माझी बारीकसारीक भर.

पार्किंग. खानापूर रोडवर दोन गाड्या उभ्या करायला संध्याकाळी जागा मिळत नाही, आतल्या देशमुख रोडच्या बाजूनं या. म्हाताऱ्या माणसांना आधी दारात उतरवा, मग गाडी लावायला जा. पहिलं-दुसरं गेट पडलं की दोन्हीकडं रांग लागते, शाळा सुटायच्या वेळी तर फारच. तिसऱ्या गेटवर पूल झाला म्हणून आम्हा अनगोळ, उद्यमबागच्या लोकांची सुटका झाली.

तारीख. दिवाळीनंतर लगेच असेल तर चांगलंच. डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असलं की आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार, आंदोलनाला आलेले लोक, सगळं गाव भरतं. हॉटेलात खोली नाही, जेवायला जागा नाही. तेव्हा पाहुणे बोलावू नका.

कॉफी. आजोबांना 'साखर वेगळी' म्हणून सांगा, उडुपीत लगेच कळतं. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा गाळलेला अर्क, थोडं जास्त घालून, दूध कमी, अशी स्ट्राँग घ्यायची तर सांगायला लाजू नका. आणि सगळ्यांना आख्खी कशाला, बाय टू मागा, म्हणजे एक कॉफी दोघांत. म्हाताऱ्या माणसांना अर्धा पेलाच पुरतो, आणि दुसऱ्यांदा गरम मागवता येतो.

सांबार वेगळं:
कोल्ड्रिंक मागवणाऱ्या पोरांना एकदा कॉफी पाजा हो. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी आपल्या कर्नाटकात पिकते, चिक्कमगळूर, कोडगू, हासन. पोरांना ठाऊक नसतं.

अनगोळकर:
वहिनी, आणखी एक. वाढणाऱ्याशी बोला. आमच्याकडच्या उडुपीत एक जण आहे, कुंदापूरकडचा. आमच्या आईशी मराठीत, मालकाशी तुळूत, माझ्याशी कन्नडात. आई आली की विचारतो, 'अक्का, चटणी तिखट नको ना?' आणि खोबऱ्याची चटणी आधी वाटीत वेगळी आणून ठेवतो. आईला तिथं जायचं असतं ते डोशासाठी नाही, तो विचारतो म्हणून. अशी माणसं असतील ते हॉटेल निवडा. फरशी जुनी असली तरी चालते.

शुक्रवार पेठ:
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी. घरी वाचून दाखवलं. सासूबाईंना खानावळीची भाकरी हवी आहे, मुलांना अंगणातला कॅफे, आणि मामंजी म्हणतात मला फक्त जिथं ऐकू येईल तिथं न्या.

असं ठरवतेय: शनिवारी सकाळी अकराला अंगणवाल्या कॅफेत, आधी कळवून, ऑर्डर आदल्या दिवशी देऊन. रविवारी संध्याकाळी चारला उडुपीत, तवा चालू आहे का विचारून. आणि शनिवारी रात्री भाकरी, वांगं आणि चटणी पार्सल. दोन्ही ठिकाणी उद्या मी स्वतः जाऊन पायऱ्या आणि खुर्च्या बघून येते.

दुसऱ्या गेटजवळ, तुम्ही तुमच्या कॅफेचा पत्ता मला व्यक्तिगत निरोपातून द्याल का? आणि भाकऱ्या पार्सल आणल्या तर रात्रीपर्यंत कडक होतात, त्याचं काय करायचं?

दुसऱ्या गेटजवळ:
निरोप पाठवलाय. आमच्याकडं दोन पायऱ्या आहेत, बाजूला धरायला कठडा आहे. शनिवारी बारानंतर अर्ध्या अंगणात ऊन येतं, तुमच्यासाठी चाफ्याखालची बाजू ठेवतो. आजोबांसाठी बिनसाखरेचं काय करता येईल ते उद्या आलात की बोलू.

नाथ पै सर्कल:
भाकऱ्या मऊच हव्या असतील तर खानावळीत सांगा, गरम असतानाच ओलसर फडक्यात गुंडाळून द्या, वर कागद. प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या की घामेजतात आणि चिवट होतात. संध्याकाळी साडेसातनंतर न्या, तेव्हा तवा चालूच असतो. कडक भाकरीही घ्या चार, आठवडाभर राहते, नणंदबाईंना पुण्याला बांधून द्यायला. सोबत शेंगाची चटणी पाव किलो. ती सुकी असते, प्रवासात सांडत नाही.